रक्तांतलें मीठ आणि ताटांतलें मीठ

यकृताच्या जुनाट दुखण्यानें ग्रासलेल्या माणसाच्या घरीं एक प्रसंग बहुधा येतोच. रक्ततपासणीचा कागद हातीं येतो; त्यावर 'सोडियम' या शब्दापुढें १२६ असा आंकडा असतो, आणि शेजारींच निरोगी माणसाचें प्रमाण १३५ ते १४५ असें छापलेलें असतें. घरांतला कोणी शिकलेला मुलगा तें वाचून दाखवितो. सोडियम म्हणजे मिठांतलें द्रव्य, एवढें शाळेंत शिकलेलें सर्वांच्या ध्यानांत असतें. मग आजी हळहळून म्हणतात, "तरीच याच्या अंगांत त्राण नाहीं. तुम्ही त्याचें मीठ तोडलेंत ना !" त्याच रात्रीं ताटांत लिंबाच्या लोणच्याची फोड येते, सकाळीं मीठसाखर घातलेलें सरबत येतें; आणि आठपंधरा दिवसांत पोट पुन्हां तट्ट फुगून पायांवर सूज दिसूं लागते.

या प्रकारांत कोणाचाच हेतु वाईट नसतो. तर्कहि वरवर पाहतां बिनचूक दिसतो. जें कमी झालें तें भरून काढावें, यांत गैर तें काय ? परंतु याच एका तर्कामुळें सुशिक्षित घरांतूनहि रोग्याचें मोठें नुकसान होतें, म्हणून या महिन्यांत आम्ही या विषयाचा विचार करण्याचें योजिलें आहे. आम्हांस सांगावयाचें आहे तें थोडक्यांत इतकेंच कीं, यकृताच्या या रोगांत रक्तांतील सोडियमचा आंकडा उतरतो तो बहुधा शरीरांत मीठ कमी पडल्यामुळें नव्हे, तर पाणी अधिक झाल्यामुळें. हें कसें तें समजून घेण्यासाठीं प्रथम रोगाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

यकृतास वर्षानुवर्षें इजा होत राहिली म्हणजे त्याच्या मऊ पेशींच्या जागीं, जखम भरून आल्यावर राहणाऱ्या वणासारखे चिवट तंतु तयार होतात, आणि यकृत घट्ट व गांठाळ बनतें. या अवस्थेस डॉक्टर 'सिरोसिस' म्हणतात. हें नांव १८१९ सालीं लेनेक या फ्रेंच वैद्यानें दिलें. छाती तपासण्याची नळी ज्यानें शोधून काढली तोच हा लेनेक. हा रोग मद्यप्यांचाच, अशी समजूत आपल्या समाजांत फार दृढ आहे. त्यामुळें ज्या घरांत मद्याचा थेंबहि कधीं आला नाहीं तेथें रोगाचें नांव ऐकतांच सर्वांस लाज वाटूं लागते, नातलगांपासून तें लपविलें जातें, आणि उपचारास उशीर होतो. वास्तविक मद्य हें अनेक कारणांपैकीं एक आहे. कावीळ उत्पन्न करणाऱ्या 'बी' व 'सी' या विषाणूंचा रक्तांत दीर्घकाळ राहिलेला संसर्ग, मधुमेह व स्थूलपणा यांच्या जोडीनें यकृतांत सांठणारी चरबी, शरीराच्या संरक्षक शक्तीनेंच यकृतावर केलेला हल्ला, हींहि तितकींच खरीं कारणें होत. पुष्कळदां एकाहून अधिक कारणें एकत्र येतात. जगप्रसिद्ध संगीतकार बीथोव्हन २६ मार्च १८२७ रोजीं व्हिएन्ना येथें वारला. अखेरच्या महिन्यांत त्याच्या पोटांतील पाणी चार वेळां काढावें लागलें होतें, आणि मरणोत्तर तपासणींत त्याचें यकृत आक्रसलेलें व गांठाळ आढळलें. त्याच्या मद्यपानाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें; परंतु त्याच्या जपून ठेवलेल्या केसांवरून शास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, त्यास 'बी' कावीळीच्या विषाणूचा संसर्ग झालेला होता आणि यकृतविकाराची प्रवृत्ति त्यास जन्मतःच मिळालेली होती. तेव्हां रोग्याकडे पाहून मनांतल्या मनांत निवाडा करण्याची घाई कोणीं करूं नये.

आतां पोटांत पाणी कां सांठतें तें पाहूं. आंतडीं, प्लीहा इत्यादि अवयवांचें रक्त एका मोठ्या शिरेवाटे यकृतांत येतें. यकृत घट्ट झालें कीं ही वाट अडते आणि मागें दाब वाढतो. या दाबाबरोबरच पोटांतील रक्तवाहिन्या रुंदावत जातात, आणि शरीरांतील पुष्कळसें रक्त त्या रुंद पात्रांत पसरून राहतें. एकंदर रक्त कमी झालेलें नसतें; परंतु ज्या रोहिण्यांवरून मूत्रपिंडें रक्ताचा अंदाज घेतात तेथला ताण उतरतो. मूत्रपिंडांना वाटतें कीं दुष्काळ पडला. मग दुष्काळांत शहाणा गृहस्थ जसा कणकण राखून ठेवतो तशीं तींहि मिठाचा प्रत्येक कण अडवून धरतात आणि मिठामागोमाग पाणीहि अडतें. श्रायर व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं ही उपपत्ति सुसंगतपणें मांडली. अडविलेलें हें मीठ व पाणी दाबामुळें यकृताच्या व आंतड्यांच्या भोंवतीं पाझरून पोटांत उतरतें. यालाच आपण जलोदर म्हणतों.

येथपर्यंत मीठ व पाणी हीं बरोबरीनें सांठतात, म्हणून रक्ततपासणींत सोडियमचा आंकडा ठीकच दिसतो. रोग पुढें गेला म्हणजे मेंदूंतून एक रस अधिक प्रमाणांत स्रवूं लागतो. त्याचें काम मूत्रावाटे जाणारें पाणी परत फिरविणें हें होय. आतां मिठापेक्षांहि पाणी अधिक अडतें, आणि रक्त पातळ होतें. आमटी पाणचट झाली म्हणजे तिच्यांतलें मीठ कोणी काढून नेलेलें नसतें. वरून पाणी जास्त पडलेलें असतें. रक्ताची गोष्ट तशीच आहे. तपासणीचा आंकडा मिठाचा एकूण सांठा सांगत नाहीं. एका लिटरांत तें किती, एवढेंच तो सांगतो. सोडियमचा आंकडा १२६ असलेल्या या रोग्याच्या शरीरांत एकंदर मीठ निरोगी माणसापेक्षां बहुधा जास्तच असतें.

मात्र आमटीचा दृष्टांत येथेंच संपतो. पाणचट आमटींत चिमूटभर मीठ घातलें कीं काम भागतें. शरीरांत भागत नाहीं. मूत्रपिंडें तें नवें मीठ बाहेर टाकीत नाहींत. त्यानें तहान वाढते, रोगी पाणी पितो, आणि दोन्ही जाऊन पोटांत बसतात. याचा हिशेब ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जलोदराच्या एका लिटर पाण्यांत सुमारें साडेसात ग्रॅम मीठ असतें. म्हणजे लहान चमच्यानें सपाट दीड चमचा मीठ शरीरांत अडकलें कीं त्याबरोबर एक लिटर पाणी अडकलें आणि वजन एक किलोनें वाढलें. लोणच्याची फोड आणि सरबताचा पेला यांचा जमाखर्च असा पोटावर लिहिला जातो.

मग शेजारच्या काकूंचें सोडियम उतरलें होतें तेव्हां डॉक्टरांनीं त्यांस मीठ वाढवावयास कसें सांगितलें, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सोडियम उतरण्याचीं कारणें अनेक आहेत. उतारवयांत रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनीं तें उतरतें, उलट्याजुलाबांनीं उतरतें. त्यांपैकीं कांहींत मीठ देणें योग्यच असतें. इतकेंच काय, यकृताच्या रोग्यासहि कधीं लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचा अतिरेक होऊन किंवा रेच फार होऊन खराखुरा शोष पडतो. तेव्हां त्या गोळ्या थांबवून, प्रसंगीं शिरेंतून द्रव देऊन डॉक्टर सोडियम सांवरतात. दोन्ही प्रकारांत कागदावरचा आंकडा एकच. उपाय मात्र उलटसुलट. कोणता प्रकार कोणाचा, हें रोग्याची सूज, जीभ, नाडी, रक्तदाब, मूत्रपिंडांचे इतर आंकडे व औषधें पाहून ठरवावें लागतें. म्हणून एका घरचा उपाय दुसऱ्या घरीं नेऊं नये, आणि कागद वाचून स्वयंपाकघरांत निर्णय घेऊं नये.

घरच्या मंडळींनीं करावयाचें तें काय ? पहिली गोष्ट मिठाची. जलोदर असलेल्या बहुतेक रोग्यांस दिवसाकांठीं सुमारें पांच ग्रॅम मीठ, म्हणजे लहान सपाट चमचाभर, एवढी मर्यादा सांगितली जाते. आणि पोळी, दूध, भाजी यांत मुळांतच जें सोडियम असतें तेंहि त्याच हिशेबांत धरावयाचें असतें. याचा व्यवहारांतला अर्थ असा कीं, पापड, लोणचें, सांडगे, खारवलेली मिरची, फरसाण, वरून घेतलेलें मीठ हें सर्व बंद, आणि भाजीआमटींत अगदीं बेताचें. कित्येक घरांत सैंधव हें 'उपासाचें' म्हणून निर्दोष समजलें जातें. सैंधव हेंहि मुख्यतः तेंच मीठ आहे. त्याच्या रंगानें मूत्रपिंडें फसत नाहींत. पापडखार, ढोकळ्यांतला खाण्याचा सोडा, पित्तावर पाण्यांत फसफसवून घेण्याच्या पुड्या यांतहि सोडियम असतें. उलट बाजारांत 'कमी सोडियमचें' म्हणून जें मीठ मिळतें त्यांत पोटॅशियम असतें. या रोगांत नेहमीं दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी शरीरांत पोटॅशियम राखून ठेवते. दोहोंच्या संयोगानें तें धोक्याच्या पातळीस जाऊं शकतें. शहाळ्याच्या पाण्याचेंहि तसेंच. तीं डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नयेत.

आपल्या प्राचीन वैद्यांसहि या पथ्याची जाण होती. चरकसंहितेंतील चिकित्सास्थानाच्या १३ व्या अध्यायांत उदररोगाचे आठ प्रकार सांगितले असून, अशा रोग्यानें खारट पदार्थ व पाणी पिणें वर्ज्य करावें असें तेथें म्हटलें आहे. परंतु याचा आधार घेऊन डॉक्टरांचीं औषधें बंद करणें किंवा नकळत निरनिराळे काढे चालूं करणें हें योग्य नव्हे; दुबळ्या यकृतावर कोणत्या वनस्पतीचा काय परिणाम होईल तें सांगतां येत नाहीं.

मोठ्या कुटुंबांत एकट्यासाठीं वेगळा स्वयंपाक करणें गृहिणीस जड जातें. त्यावर सोपी युक्ति अशी कीं, वरण, आमटी, भाजी सर्वांचीच अळणी शिजवावी, रोग्याचा वाटा आधीं काढून घ्यावा, आणि मग बाकीच्यांत मीठ घालावें. रोग्याच्या वाटींत लिंबू, आमसूल, आलें, जिरें, मिरें, कोथिंबीर, लसणीची फोडणी यांनीं चव आणावी. दोनतीन आठवड्यांत जिभेला या चवीची पुष्कळशी संवय होते. परंतु पथ्याचा अतिरेकहि नको. अळणी म्हणून ताट जसेंच्या तसें परत जात असेल तर तें मोठें नुकसान होय, कारण या रोगांत अन्नावांचून मांस झडतें आणि झडलेल्या शरीराला रोग पेलवत नाहीं. ताट परत येऊं लागल्यास डॉक्टरांस किंवा आहारतज्ज्ञांस विचारून मर्यादा थोडी सैल करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. पुष्कळ घरीं जलोदराचें नांव निघतांच रोग्याचें पाणी तोडतात. हें सरसकट आवश्यक नाहीं. सोडियमचा आंकडा ठीक असतां केवळ मिठाचें पथ्य पुरेसें असतें. आंकडा उतरूं लागला म्हणजे डॉक्टर औषधें फिरून तपासतात. १२५ किंवा त्याखालीं गेला म्हणजे लघवीच्या गोळ्या सामान्यतः थांबवितात, आणि पाणी सुमारें एक लिटरवर आणावयास सांगतात. या एका लिटरांत चहा, ताक, दूध, कढी, औषधाबरोबरचें पाणी, सर्व कांहीं आलें. सकाळीं एका तांब्यांत दिवसाचें पाणी मोजून ठेवावें, आणि दुसरें कांहीं पातळ दिलें कीं तितकें त्यांतून काढावें. हिशेब आपोआप राहतो. तहान अनावर झाली तर बर्फाचा लहानसा खडा किंवा लिंबाची फोड चघळावयास द्यावी, चूळ भरूं द्यावी. ज्याच्यासमोर दहा माणसें पेले भरभरून पितात त्यास हें पथ्य किती कठीण जात असेल, हें घरच्यांनीं मनांत आणावें.

आंकडा फार उतरल्यास तो लौकर चढवा, असा आग्रह डॉक्टरांकडे धरूं नये. पुष्कळ दिवसांत हळूहळू उतरलेलें सोडियम एकाएकीं वर नेलें तर मेंदूंतील मज्जातंतूंच्या आवरणास कायमची इजा होऊं शकते. म्हणून चोवीस तासांत आठाहून अधिक अंकांनीं तें चढूं नये अशी काळजी घेतात. कित्येक वेळां अल्ब्युमिन नांवाचें रक्तांतील प्रथिन शिरेंतून देतात. पोट फार ताणलें असेल तर सुईनें पाणी काढतात, आणि पांच लिटरांहून अधिक काढल्यास दर लिटरामागें ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन भरून देतात. 'पाणी काढलें कीं माणूस गेला' ही म्हण भीतीपोटीं निघालेली आहे. योग्य रीतीनें केलेल्या या उपायानें रोग्यास मोकळा श्वास मिळतो.

तिसरी गोष्ट उपासाची. यकृत निरोगी असतां तें रात्रीच्या उपाशी वेळेसाठीं साखरेचा सांठा करून ठेवतें. हा सांठा या रोगांत फार थोडा राहतो, आणि कांहीं तासांतच शरीर स्वतःचें मांस जाळूं लागतें. म्हणून एकादशी, चतुर्थी, चातुर्मासांतील एकभुक्त हीं व्रतें या रोग्यानें करूं नयेत. उलट निजण्यापूर्वीं दूधपोळी, मुगाची खिचडी, खीर असें कांहीं अवश्य द्यावें. 'यकृताचा रोग, म्हणून डाळदूध बंद' ही समजूतहि आतां टाकली पाहिजे. वजनाच्या दर किलोमागें दिवसास १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें मिळावीत असें तज्ज्ञ सांगतात. घरांतील वडील माणसांनींच 'देव तुझा उपास माफ करील' असें एकदां मोकळेपणानें सांगितलें, तर डॉक्टरांच्या दहा उपदेशांचें काम होतें.

चौथी गोष्ट वहीची. रोज सकाळीं शौचास जाऊन आल्यावर, कांहीं खाण्यापूर्वीं रोग्याचें वजन करून तें तारखेसह लिहावें. गोळ्या चालूं असतां वजन उतरावें, परंतु बेतानें. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो, असेल तर एक किलो, याहून वेगानें नको. वजन रोज चढत असेल तर मीठ कोठून तरी शिरतें आहे असें समजावें. वहींत सर्व औषधांचीं नांवें असावींत. अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या या रोग्यास देऊं नयेत. त्या मूत्रपिंडांस इजा करतात आणि मीठ अधिकच अडवितात.

कांहीं लक्षणें दिसतांच मात्र वहीची वाट पाहूं नये. ताप किंवा पोटांत दुखणें, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा शौच, लघवी फार कमी होणें, दिवसा झोंप व रात्रीं जागरण, बोलण्यांत भ्रम, अक्षर बिघडणें, यांपैकीं एकहि दिसल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. सोडियम उतरलेल्या रोग्याचा मेंदु अधिक नाजूक झालेला असतो. 'म्हातारपणामुळें बरळतात' म्हणून सोडून दिलेली रात्र पुष्कळदां महागांत पडते.

एक अप्रिय गोष्टहि सांगणें प्राप्त आहे. उतरलेलें सोडियम ही केवळ दुरुस्त करावयाची चूक नसून रोग कोठवर आला याची ती खूण आहे. अमेरिकेंत यकृतारोपणासाठीं कोणास अग्रक्रम द्यावा हें ठरवितांना जानेवारी २०१६ पासून हा आंकडा हिशेबांत घेण्यांत आला, तो याच कारणानें. म्हणून तो वारंवार उतरूं लागला म्हणजे आरोपणाविषयीं तज्ज्ञांशीं बोलावयास उशीर करूं नये. आपल्या देशांत १९९४ च्या कायद्यानें जवळच्या नातलगास यकृताचा भाग देतां येतो. हा विचार सर्वांनीं शांतपणें, रोगी बोलूंचालूं शकत असतां करावा; कोणावर भीड घालून नव्हे, आणि घरांतील सुनांनींच पुढें व्हावें असें मनांत गृहीत धरूनहि नव्हे.

शेवटीं घराच्या कारभाराविषयीं दोन शब्द. एकत्र कुटुंबांत माया करणारे हात पुष्कळ असतात, हें त्याचें भाग्य. परंतु पथ्याच्या बाबतींत तेच संकट होऊन बसतें. सून अळणी वाढते, सासूबाई हळूच पापड देतात, आत्याबाई भेटीस येतांना चिवडा आणतात, आणि पोट फुगलें कीं दोष येतो तो सुनेच्या हातावर. असें होऊं नये म्हणून घरांतील सर्वांनीं एकत्र बसून, रोग्यासहि बरोबर घेऊन, हें पथ्य कां आहे तें एकदां समजून घ्यावें; डॉक्टरांशीं बोलण्याचें व वही ठेवण्याचें काम एकाकडेच द्यावें; आणि आल्यागेल्यास काय सांगावयाचें तेंहि ठरवून ठेवावें. माया दाखविण्यास मिठावांचून मार्ग पुष्कळ आहेत. आठवड्यांतून एकदां सर्वांनींच अळणी जेवावें, हाहि त्यांतलाच एक. रोग्यास त्यानें जें समाधान वाटतें तें लोणच्याच्या फोडीनें खास वाटणार नाहीं.